उपाशी माणसाचं खोटं

"बाई, वाचत बसू नका. नुसती सही करा," कापगते म्हणाले, आणि तिथेच मी कागद जवळ ओढला.

मी अक्षरं शिकले ती पन्नाशीजवळ आल्यावर, गावातल्या प्रौढांच्या वर्गात. एकेका अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. समोर वडशाच्या नाटक कंपनीचे मालक कापगते, शेजारी त्यांनी आणलेला वकील. दोघांचा चहा संपला, बशा कोरड्या झाल्या, तरी मी दुसऱ्याच ओळीवर.

वकिलाला राहवेना. "मी सांगतो ना काय लिहिलंय ते. तुमच्या यजमानांचं 'परकी चूल' हे नाटक. लेखक वारल्यानंतर साठ वर्षं नाटकाचा हक्क वारसाकडे असतो. म्हणजे तुमच्याकडे. तो तुम्ही कंपनीला देताय. बस, एवढंच."

"साठ वर्षं?"

"आधी पन्नास होती. सरकारनं वाढवली. लेखकाच्या घरच्यांचं भलं व्हावं म्हणून."

"अन् माझं वय किती धरलं सरकारनं?"

वकील हसला. कापगते हसले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत विचारलं, "नाटकाचं पुस्तक हाय तुमच्यापाशी?"

"कुठलं पुस्तक! तेव्हा छापलं होतं थोडं. आता एक पान सापडत नाही."

"मंग पुस्तक नाही अन् हक्क पाहिजे. कायले?"

"बाई, तुमच्या भल्याचं बोलतो. ते चिंचटोलीवाले दर मंडईला हे नाटक करतात. तुमाले कधी विचारलं? गुरुजींचं नाव तरी घेतात का नाही देव जाणे. ही चोरी आहे. हक्क माझ्याकडे आला की मी ते बंदच करतो. साठ वर्षं भरेपर्यंत कोणी हात नाही लावणार. अन् तुमच्या घराची कौलं या पावसाळ्याच्या आत बदलून देतो."

खरं सांगायचं तर कौलांपेक्षा 'बंद' हा शब्द मला जास्त आवडला.

माझे यजमान दयाराम नाकाडे शाळेत गुरुजी होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि नाटक नसलेली मंडई कोणी मंडई मानत नाही. गुरुजी त्या नाटकांसाठी लिहायचे. गावाला अक्षर शिकवलं, मला शिकवायला मात्र त्यांना कधी वेळ झाला नाही. संध्याकाळ झाली की सायकल काढून तालमीला. 'परकी चूल' लिहिलं त्या वर्षी कंपनीत कुमुद नावाची नागपूरची नटी आली होती. मी तिला बाजारात एकदाच पाहिलं होतं. विहिरीवर बायका म्हणाल्या, "रेवता, तुझ्या गुरुजींनी कुमुदसाठी नाटक लिहिलं म्हनते." नाटकाचं नावही असं. मी काय समजायचं ते समजले.

गुरुजी म्हणाले होते, "चल ना बघायला. एकदा तरी चल."

"तुमची परकी चूल तुमीच पाहा," मी म्हणाले. ते हसले आणि सायकलवर टांग टाकून गेले. नंतर त्यांनी कधी आग्रह केला नाही, आणि तेही माझ्या मनात राहिलं. आग्रह का केला नाही?

मग मेंदूच्या मलेरियानं गुरुजी चार दिवसांत गेले. त्यांच्या पेटीतलं सगळं लिखाण वाळवीनं खाल्लं. मी अक्षरं शिकायला गेले ती पोथी वाचायला नाही. त्या नाटकात कुमुदबद्दल काय लिहिलंय, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. वाचता यायला लागलं तेव्हा वाचायला काही उरलंच नव्हतं.

मी कागदाची घडी घातली. "मंडई होऊ द्या. मंग करतो सही."

"मंडईचं काय त्यात?" कापगते चमकले.

"काही नाही. तुमाले घाई हाय, मले नाही."

*

चिंचटोलीच्या मंडईला मी एकटीच गेले. कोणाला सांगितलं नाही. मंडईच्या दिवशी गावात शिरणं सोपं असतं. प्रत्येक घरात पाहुणे भरलेले असतात, आणि पाहुण्याला "कोनाकडं आल्या?" असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. जो दिसेल त्याला पाटावर बसवायचं. प्रत्येकाला वाटतं, ही शेजाऱ्याची पाहुणी असेल.

फाट्यावर एसटीतून उतरले. चहाच्या टपरीवर एक बाई नवऱ्याला झापत होती. तो म्हणत होता, मी बाजारातून सरळ इकडेच आलो. ती म्हणाली, "राहू द्या. तुमच्यापरीस तुमचा सदरा खरं बोलते."

माझा पाय जागीच थबकला. हे वाक्य माझं होतं. गुरुजी तालमीहून आले की त्यांचा सदरा खुंटीवरून काढून हुंगायची मला सवय होती, आणि तेव्हा मी त्यांना हेच म्हणायची. असंच. घरात आम्ही दोघं आणि पाळण्यातली मुलगी. ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं.

असेल, मी मनाशी म्हणाले. बायका सगळ्याच नवऱ्यांना काहीबाही म्हणतात.

पण पुढे एका अंगणात दोन पोरी घर-घर खेळत होत्या. एक पोरगी कमरेवर हात ठेवून दुसरीला म्हणाली, "जा, जा. दार उघडं हाय, पन मी जागी हाय." आणि दोघी खिदळल्या.

तेही माझंच. गुरुजी सायकल काढायचे तेव्हा मी उंबऱ्यातून म्हणायची ते.

कोणीतरी माझ्या घरातलं सगळं इथे आणून सांडलं होतं. कोण? गुरुजींनी ज्या बाईला सांगितलं असेल, तीच. कुमुद. कंपनी सोडल्यावर ती कुठे गेली हे कोणालाच माहीत नव्हतं. इथेच राहिली असेल तर? आणि वर्षानुवर्षं या गावाला माझ्या नकला करून दाखवत असेल तर?

"या ना बाई, उन्हात काहून उभ्या?" एका घरातून हाक आली. तिशीची, उंच, कपाळावर गोंदलेली बाई. नाव वच्छला. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पाटावर बसवलं, वरण-भात आणि वडे वाढले. ही कुमुदची लेक तर नव्हे, म्हणून मी खाता खाता तिचं नाक, डोळे, हनुवटी निरखत होते.

"तुमचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

"इथलंच, नदीपल्याडचं."

"अन् आईचं?"

"आईचंही तिकडचंच. काहून?"

"नागपूरकडं कोनी नाही?"

"नागपुरात आमचं कोन राहील बाप्पा!" ती हसली. पण तिनंही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

एवढ्यात तिचा नवरा मनिराम आला. शेतकरी माणूस, हातावर चिखल वाळलेला. मिशी त्या सकाळीच काढलेली दिसत होती. ओठावरचा पट्टा उरलेल्या चेहऱ्याहून गोरा. वच्छलानं विचारलं, "मांडव टाकायला गेले होते ना? मंग पोरगा म्हनते तुमी पत्त्यांच्या डावावर दिसले."

"मी? डावावर? कोन म्हनते?"

"पयले जेवून घ्या," वच्छला म्हणाली, "मंग खोटं बोला. उपाशी मानसाचं खोटं मले आयकवत नाही."

माझा घास हातातच राहिला.

हे वाक्य मी गुरुजींना एकदा नाही, शंभरदा म्हटलं असेन. रागानं म्हणायची, ताट पुढे सरकवत. ते शेवटचे तापात पडले होते आणि "मला काही होत नाही" म्हणत होते, तेव्हाही पेज भरवताना मी हेच म्हणाले होते. मी ते कोणाला दिलं नव्हतं.

"हे कोनाचं बोलनं?" मी विचारलं.

"कोनतं?"

"हेच. जेवून खोटं बोलायचं."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मग वच्छला जपून म्हणाली, "ते होय? नाटकातलं हाय. यायच्याकडं ते पात्र हाय ना."

"पात्र हाय म्हंजे?"

"आमच्या गावात नाटकाचं पुस्तक नाही बाई. पात्रं घराघरात हायेत. यायच्या बापाकडं हे पात्र होतं, गुरुजींनी सोता शिकवलं. आता यायच्याकडं. पाटलाचं पात्र बोरकरांच्या घरी, म्हातारीचं सुताराच्या घरी. बारा घरं, बारा पात्रं. एका घरानं गाव सोडलं का नाटक लंगडं." ती थांबली. "पन हे शेवटचंच वरीस म्हना. कंपनीचा निरोप आला, पुढच्या मंडईला केलं तर पोलीस आनतो म्हनून. बंद म्हंजे काय, पोरांनी बापापासून शिकाचंच नाही का?"

कुठलं पात्र, कोणाची बायको, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी विचारलं असतं तर तिनंही मला विचारलं असतं, तुम्ही कोण म्हणून.

*

दुपारी देवळासमोरच्या मांडवात शेवटची तालीम होती. निम्मा गाव बसलेला. मी मागे खांबाला टेकून बसले. डोमाजी नावाचा म्हातारा, पटका बांधलेला, काठीनं जमिनीवर ठोकून प्रवेश सुरू करायचा.

नाटक मला पहिल्यांदाच कळत होतं. एक शेतकरी रोज संध्याकाळी घरातून नाहीसा होतो. बायकोला संशय, याची दुसरी चूल आहे. तो जातो गावकुसाजवळच्या एका घरी, जिथे एक आंधळी म्हातारी आणि तिची विधवा सून उपाशी बसलेल्या असतात. सून म्हणजे कुमुदचं काम असणार; आता एक कोवळा मुलगा करत होता, आणि त्याच्याकडे कोणी फारसं बघत नव्हतं. लोक वाट बघत होते ती दुसऱ्याच कोणाची.

मग मनिराम आला. डोक्यावर पदर घेतलेला, मिशीच्या जागी तो गोरा पट्टा. त्यानं खुंटीवरचा सदरा काढला, नाकाशी नेला, आणि तोंड उघडायच्या आधीच मांडव हसायला लागला.

"तुमच्यापरीस," तो म्हणाला, आणि थांबला, "तुमचा सदरा खरं बोलते."

तो आवाज त्याचा नव्हता. जरा नाकातला. मधे अडखळणारा. शेवटचा शब्द वर उचलून सोडणारा. लहानपणापासून मला याच आवाजावरून बायका चिडवत आल्या होत्या. एक धटिंगण पुरुष माझ्या गळ्यातून बोलत होता आणि पोरंबाळं पोट धरून हसत होती. पुढचं वाक्य तो बोलायच्या आधीच पोरं ओरडून सांगत होती.

मी केव्हा उठून उभी राहिले मला कळलं नाही. "थांबवा!" मी ओरडले. "बंद करा हे!"

डोमाजीनं काठीवर भार देऊन मान वळवली.

"बाई कोनाकडल्या?"

मंडईच्या दिवशी कधीच न विचारायचा तो प्रश्न त्यानं विचारला. मी म्हणाले, "बोरकरांकडं आलो."

"आमच्याकडं नाही," बोरकर म्हणाला.

"सुताराकडं?"

"नाही बा."

"मंग कोनाकडं?" डोमाजीनं विचारलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "कंपनीची असल! 'बंद करा' म्हनते पाहा. कापगतेनं धाडली." दोन-चार माणसं उठली. एकजण म्हणाला, "फाट्यापर्यंत पोचवून द्या तिले." दुसरा म्हणाला, "पयले पिशवी पाहा, टेप-बीप असल."

वच्छला पुढे आली. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, माझ्या घरी तुमी पोटभर जेवल्या. आता तरी खरं बोला."

अख्खा मांडव हसला. आणि माझा ताबा सुटला.

"मले शिकवतेस?" मी म्हणाले. "माझंच बोलनं मले वाढतेस? मी रांधत होतो, मी वाट पाहत होतो, मी म्हनत होतो ते! पयले जेवून घ्या," माझा श्वास अडकला, "मंग खोटं बोला. उपाशी मानसाचं खोटं मले आयकवत नाही! हे माझ्या घरातलं हाय. तुमाले कोनी देल्लं? कोन्या बाईनं सांगितलं?"

कोणी हसलं नाही. मनिरामनं डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. डोमाजी काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आला आणि कान पुढे करून उभा राहिला, जणू मी अजून बोलतेच आहे.

"आणखी एकदा बोला," तो म्हणाला.

"काहून?"

"असाच आवाज," तो मनिरामकडे वळून म्हणाला. "आठवते का गा? तुझ्या बापाले शिकवताना गुरुजी असाच आवाज काढत. बाप तुझा सरळ बोलून मोकळा व्हायचा. गुरुजी म्हनायचे, 'असं नाही मुखरू. इथं श्वास अडकला पाहिजे. हिचा राग खोटा हाय, वाट पाहनं खरं हाय.' सात दिवस आमाले हसवून हसवून मारलं त्यांनी. कोन्या बाईचा आवाज हाय, ते काही सांगितलं नाही." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी गुरुजींच्या घरच्या?"

मी मान डोलावली.

पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अगो बाई! खरीच हाय म्हना ही!"

मग कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. ज्यानं पिशवी पाहायला सांगितलं होतं, तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मनिराम माझ्यासमोर उकिडवा बसला, नेसलेलं लुगडं गुडघ्यांत खोचून. "बाई, राग मानू नका. बाप गेला तेव्हापासून करतो. कसं वाटलं?"

मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू जास्त ओरडतेस. मी इतकं ओरडत नव्हतो."

"नाही ओरडत!" वच्छला म्हणाली. "आता अख्ख्या मांडवानं आयकलं."

तेव्हा मात्र मीही हसले.

डोमाजी हसत नव्हता. त्यानं हात जोडले. "बाई, आमी तुमाले विचारलं नाही, ही चूक. गुरुजी गेल्यावर कोनाले विचाराचं, तेच समजलं नाही. नाटक तुमचं हाय. तुमी म्हनाल तर आज बंद करतो. पन एक सांगतो. आमी बंद केलं तर तुमी कुठून आनाल ते? पुस्तक हाय का तुमच्यापाशी?"

"नाही."

"मंग?"

त्या दिवशी मला कळलं की हक्क माझ्या घरी होता आणि नाटक त्यांच्या बारा घरांत. कापगतेंच्या कागदावर माझी सही झाली असती तर साठ वर्षं भरल्यावर पोरांच्या पोरांना नाटक करायची मोकळीक मिळाली असती. पण तोवर मुखरूच्या घरातला तो अडकलेला श्वास कोणाच्या छातीत राहिला असता?

"गुरुजींचं नाव घेता का सुरुवातीले?" मी विचारलं.

"नारळ फोडतो तो त्यांच्या नावानंच."

ते खोटं नव्हतं. त्या रात्री मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं. शेवटच्या प्रवेशात ती संशयी बायको डोक्यावर भाकरींची टोपली घेऊन त्या परक्या घरी जाते, म्हातारीची विझलेली चूल स्वतः पेटवते, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणते, "पयले जेवून घ्या." एवढंच. पुढचं म्हणत नाही. तिथे कोणी हसलं नाही.

कुमुदचं काय होतं, ते त्या नाटकात कुठे नव्हतं. मला ते आजही माहीत नाही.

*

कापगते आठवड्यानं आले. त्यांचं नवं नाटक बसतंय असं मंडईत कानावर आलं होतं, आणि जुनं बंद करून त्यातलंच उचलायचा बेत असेल असा मला संशय होता. वकील सोबत होताच. यावेळी पेन त्यानं टोपण काढूनच पुढे केलं.

"मले एक सांगा," मी म्हणाले. "तुमच्या नव्या नाटकात संशयी बायको हाय का?"

कापगतेंनी वकिलाकडे पाहिलं. "असते बाई. सगळ्याच नाटकांत असते."

"सदरा हुंगते?"

"आता लेखकाच्या डोक्यात काय येईल ते आमी..."

"बसा. चहा घ्या. पयले चहा घ्या, मंग बोला."

वकिलाला काही कळलं नाही. कापगतेंना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, चिंचटोलीला गेल्या होत्या काय?"

मी त्यांचा कागद परत दिला आणि माझा कागद पुढे ठेवला. माझ्या हातानं लिहिलेला, तीन वेळा खोडून. त्यात होतं: 'परकी चूल' कोणाला करायचं असेल त्यानं मी जिवंत आहे तोवर मला विचारावं. गुरुजींचं नाव घ्यावं. तिकीट लावणाऱ्या कंपनीनं माझा वाटा द्यावा. मी गेल्यावर कोणालाही विचारू नये.

वकिलानं वाचून मान हलवली. "असं चालत नाही. कायद्यात साठ वर्षं आहेत. तुमच्या मुलीला, नातवंडांना मिळतील."

"मुलीले विचारलं. ती म्हनते, 'आई, तुझं बोलनं, तूच ठरव.' मले साठ नको. मले माझ्यापुरती दे."

"कमी कशी करणार?"

"हक्क सोडता येते का नाही? खरं सांग."

तो घुटमळला. "सोडता येतो. अर्ज करावा लागतो."

"मंग तू लिही अर्ज. तुझं अक्षर चांगलं हाय."

कापगते उठले. दारात थांबून म्हणाले, "बाई, कौलं गळतील या साली."

"गळू द्या," मी म्हणाले. "दार उघडं हाय."

पुढचं मी म्हणाले नाही.

*

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. परवा मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नर्स पोरगी विशी-बाविशीची. दुपारी येऊन म्हणाली, "आजी, गोळी घेतली का?"

"घेतली," मी म्हणाले. कडू गोळी मी उशीखाली ढकलली होती.

तिनं उशी उचलली नाही. ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "पयले जेवून घ्या आजी, मंग खोटं बोला."

"हे कोनाचं बोलनं गं?"

"कोनाचं म्हंजे? आमच्याकडं सगळेच म्हनतात."

"तुमच्याकडं म्हंजे कुठं?"

"देवरीकडं."

चिंचटोलीपासून देवरी लांब. मी तिचं नाक पाहिलं, डोळे पाहिले, हनुवटी पाहिली. कुमुदसारखं काही आहे का ते बघितलं. नव्हतं. तरी नाव विचारून ठेवलं.

मग मी जेवून घेतलं.